बारमध्ये रेस लावणं ‘कायदेशीर’? कोणत्या कायद्यानं?

‘1996 ला सुप्रीम कोर्टानं घोड्यांची रेस कौशल्याचा खेळ ठरवली, त्यामुळं बारमध्ये बसून घोड्यावर पैसे लावणं पूर्ण कायदेशीर आहे. मराठवाड्यात हे निजामाच्या काळापासून चालतं. जिंकलेल्या पैशावर कर नाही. बुकीनं बुडवलं तर कोर्टातून वसुली होते.’

हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपात फिरतोय. माझ्याकडं तो मावसभावाकडून आला, वर ‘दादा, आता तर कोर्टच म्हणतंय’ अशी पुस्ती. भाऊ मोंढ्यात मुनीम आहे, सोयाबीनच्या हिशोबपट्टीत चार आण्याची चूक चालू देत नाही. आणि हे मात्र आख्खं गिळलं!

कौशल्याचं आधी मान्य करून टाकतो, कारण तेवढं खरं आहे. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात कोर्टानं म्हटलं की घोड्याची पैदास, त्याची तयारी, जॉकीचा हात, हे सगळं कौशल्यात येतं. पण भांडण होतं मद्रास रेस क्लब सरकारनं ताब्यात घेण्याचं. बारचा त्यात संबंध कुठं आला? उलट त्याच निकालात चर्चेला आलेल्या मद्रासच्या कायद्यातली सूट रेसच्या दिवशी, मैदानाच्या आवारात ठरवून दिलेल्या जागेपुरतीच होती.

आपल्याकडं 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याचं कलम 3 मेसेज लिहिणाऱ्यानं उघडूनही पाहिलेलं नाही. घोड्यावर लावलेले पैसे जुगारात धरायचे नसतील तर तीन अटी एकत्र पाळाव्या लागतात. रेस त्याच दिवशीची हवी. जागा परवानाधारक रेसकोर्सनं राखलेली किंवा सरकारनं मंजूर केलेली हवी. आणि लावणारा तिथं स्वतः हजर असून व्यवहार क्लबाशी, क्लबानं परवाना दिलेल्या माणसाशी किंवा टोटवर, म्हणजे सगळ्यांचे लावलेले पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या यंत्रावर, झालेला हवा. महाराष्ट्रात परवान्याची रेस धावते ती मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्याला. मराठवाड्यात रेसकोर्सच नाही.

आता बार बघा. कोपऱ्यातल्या टीव्हीवर घोडे, टेबलाशी वाकलेला पोरगा, ‘पाच नंबर, विन, दोनशे’ म्हटलं की बिलबुकाच्या मागच्या पानावर एक रेघ. तिकीट नाही, शिक्का नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेला एफएल-3 दारूचा परवाना आहे, घोड्याचा नव्हे. धाड पडली तर अड्डा चालवणारा कलम 4 मध्ये आणि तिथं खेळताना सापडलेला कलम 5 मध्ये. म्हणजे मेसेजवर विसंबून बसलेला मुनीमसुद्धा. शंकरपटाला 2023 ला कोर्टानं हिरवा कंदील दिला म्हणून पटाच्या कडेला बैलांवर पैसे लावायची मुभा मिळाली का? नाही. हेही तसंच.

निजामाचं म्हणाल तर त्याच्या राज्यातलं रेसचं मैदान हैदराबादला, मलकपेटला. मराठवाडा 1948 ला त्या राज्यातून सुटला, 1956 ला मुंबई राज्यात आला. त्या काळी एखाद्या पेठेत कुणी चोरून लावतही असेल, पण त्यानं आज परवाना मिळत नाही.

करमुक्त तर अजिबात नाही. रेसच्या कमाईवर सरळ 30 टक्के आयकर. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून घोड्यावर लावलेल्या पैशावर 40 टक्के जीएसटी. बारमधला बुकी यातलं काही कापत नाही, एवढ्यावरूनच त्याचा धंदा कळायला हवा.

राहिली वसुली. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 पैजेचा करार रद्दबातल धरतं. त्यात घोड्यांच्या शर्यतीला अपवाद आहे खरा आणि मेसेजवाल्यानं बहुधा तोच अर्धवट उचललाय. पण तो अपवाद शर्यत जिंकणाऱ्याला द्यायच्या 500 रुपये किंवा त्याहून जास्त बक्षिसाच्या वर्गणीपुरता आहे, बुकीकडं लावलेल्या पैशासाठी नाही. बुकीनं हात वर केले तर कोर्टात काय दाखवणार, बिलबुकामागची रेघ? तीही त्याच्याच गल्ल्यात असते.