प्रिंटरची वाट बघत बीपीची गोळी बंद करू नका

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या मेडिकलमध्ये गेल्या सोमवारी एक काका आले. उद्यमनगरात ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे साच्यांचे नमुने, बनवण्यात त्यांची उभी हयात गेली. बीपीच्या गोळ्या न्यायची तारीख उलटून आठ दिवस झाले होते, म्हणून मी विचारलं, तर त्यांनी मोबाईलच पुढं धरला. "ताई, हे वाचा की. आता गोळ्या छापून मिळणार हाईत. मग मूठभर कशाला गिळायच्या?"

मेसेज असा होता: 'थ्रीडी प्रिंटरने घरच्या घरी औषध तयार करा. अमेरिकेने २०१५ मध्येच मंजुरी दिली आहे. पाच गोळ्यांची एकच गोळी, दहापट स्वस्त. कंपन्या हे दडपत आहेत. जुन्या गोळ्या बंद करा आणि हा मेसेज पुढे पाठवा.'

थ्रीडी प्रिंटर म्हणजे थरावर थर रचून वस्तू घडवणारं यंत्र. हा मेसेज त्या दिवसापासून मला चार जणांनी दाखवलाय, म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहिते.

अमेरिकेची मंजुरी खरी आहे. २०१५ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 'स्प्रिटॅम' मंजूर केलं. त्यात फिट येऊ नये म्हणून देतात ते लेव्हेटिरासिटॅम असतं. पावडरचा पातळ थर, त्यावर द्रवाचे थेंब, पुन्हा थर, अशी ती गोळी छापतात. ती इतकी सच्छिद्र असते की १००० मिलिग्रॅमची असली तरी घोटभर पाण्यात काही सेकंदांत तोंडात विरघळते. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी फार मोलाची गोष्ट. पण ती कारखान्यातच बनते आणि २५०, ५००, ७५०, १००० अशा ठरलेल्या ताकदीतच मिळते. मंजुरी त्या एका औषधाला आहे. घरातल्या प्रिंटरला ती कुणीही दिलेली नाही.

'घरच्या घरी औषध तयार करा' हे वाक्य सगळ्यांत घातक. प्रिंटर औषध तयार करत नाही, आकार देतो. चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. भाजणी कुणीतरी करावी लागते, पीठ नेमकं मळावं लागतं, मग सोऱ्या फिरतो. मूळ औषध कारखान्यातूनच येणार, आणि मिश्रणाच्या प्रत्येक कणात ते सारखं पसरलेलं आहे का, ते तपासावं लागणार. पॅटर्नच्या कामातला, काकांच्या ओळखीचा प्रिंटर प्लास्टिकची तार साधारण दोनशे अंशांना वितळवतो. बीपीसाठी देतात ते रामिप्रिल साधारण १०९ अंशांनाच वितळतं, आणि तापवलं की बिघडतं. शिवाय आकार बदलला की गुणही बदलतो: तेवढंच औषध जाळीदार गोळीत घातलं तर भराभर सुटतं, भरीव गोळीत हळू. कारखान्यात बॅचमधल्या काही गोळ्या विरघळवून तपासतात. घरी छापलेल्या तीस गोळ्यांत पाच मिलिग्रॅम आहे की पंधरा, हे काका कशावरून ओळखणार? आणि विकण्यासाठी औषध बनवायचं तर १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो, मग यंत्र कुठलंही असो.

पाच गोळ्यांची एक? इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात २०१५ साली अशी गोळी छापली, हे खरं. पाच औषधं वेगवेगळ्या कप्प्यांत, काही लगेच सुटणारी, काही सावकाश. पण ते प्रयोगशाळेतलं काम होतं. पाच औषधं एकत्र करायला प्रिंटरच हवा असंही नाही. आपल्याकडच्या 'पॉलिकॅप' कॅप्सूलमध्ये पाच औषधं होती, तिच्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्येच आले. प्रिंटरचा फायदा एवढाच की पाचांतल्या एकाचाच डोस कमीजास्त करता येतो.

स्वस्ताईचं म्हणाल तर कारखान्यातली मोठी यंत्रं तासाला लाखांनी गोळ्या दाबून काढतात, आणि छापायला एकेका गोळीमागे मिनिटं जाऊ शकतात. दहापट स्वस्त कुठून होणार? दडपण्याचं तर काहीच नाही. स्प्रिटॅम एका औषध कंपनीनेच आणलं. जर्मनीच्या मर्क या औषध कंपनीनेही २०२० मध्ये थ्रीडी छपाईवाल्या कंपनीशी करार केला. ब्रिटनने रुग्णाजवळ, दवाखान्यातच औषध बनवण्यासाठी वेगळे नियम केले, ते जुलै २०२५ पासून लागू आहेत.

आता हे तंत्र कुणासाठी आहे ते सांगते, कारण मला त्याची मनापासून आस आहे. गडहिंग्लजकडची एक आई माझ्याकडे येते. तिच्या मुलाच्या शरीरात कॉर्टिसोल हे अत्यावश्यक संप्रेरक बनत नाही. डॉक्टरांनी त्याच्या जागी द्यायचं हायड्रोकॉर्टिसोन अडीच मिलिग्रॅम लिहिलंय, हातात गोळी दहाची. ती स्टीलच्या ताटलीवर ब्लेडने चार तुकडे करते. दोन बरे पडतात, एक मोठा, एकाचा भुगा. भुगा ती बोटाने गोळा करून चमच्यात घेते. त्या पोराला डोस चुकणं परवडत नाही. स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या रुग्णालयात एका दुर्मीळ चयापचय विकाराच्या मुलांसाठी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल नेमक्या मात्रेत छापून दिलं, वेगवेगळ्या रंगांचं, चवींचं, चघळायचं. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे औषधनिर्माते, डॉक्टर आणि मुलांच्या रक्ताची तपासणी सगळं एका जागी होतं. असं यंत्र आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आलेलं मला बघायचंय.

राहिलं शेवटचं वाक्य, 'जुन्या गोळ्या बंद करा'. काकांच्या चिठ्ठीवर अटेनोलॉल हे बीपीचं औषध आहे. ते एकदम थांबवलं तर छातीत दुखणं उसळू शकतं, हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. हे मी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "दोन दिवस झालं, जिना चढताना धडधडतंय खरं." त्यांना बाकावर बसवलं, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि मुलगा गाडी घेऊन येईपर्यंत काउंटर सोडून त्यांच्याजवळ थांबले.