भंगार म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाचीने शिकागो विद्यापीठातल्या, इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरच्या शिल्पाचा फोटो टाकला. दोन मिनिटांत एका काकांचं उत्तर, "सातपूरला भंगारात किती किलोने जाईल हे?" खाली हसणाऱ्यांची रांग.

काका, त्या शिल्पापुढे मी उभी राहिलेय. बाबांबरोबर. बाबा, म्हणजे नाशिकच्या सातपूरमधल्या फाउंड्रीत ३१ वर्षं मोल्डर, धातू ओतायचे साचे बनवणारे. भावाकडे गेलो होतो, थंडी मरणाची, आणि हा माणूस हातमोजा काढून त्या ब्राँझवर बोटांनी टकटक करतोय. "आतून पोकळ आहे गं. एवढं भरीव ओतलं असतं तर तडकलं असतं."

ती जागा काय आहे, माहितीये? २ डिसेंबर १९४२ ला तिथल्या मैदानाच्या प्रेक्षक-गॅलरीखाली एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या साथीदारांनी ग्रॅफाइटच्या विटा रचून, त्यात युरेनियम घालून जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळी, म्हणजे एक अणू फुटला की त्यातून पुढचे फुटत जाणं, चालवून दाखवली. पुरती तीन वर्षंही झाली नाहीत, तोवर हिरोशिमा. बरोबर २५ वर्षांनी, १९६७ च्या त्याच तारखेला, त्याच जागी हे शिल्प उघडलं. नाव 'न्यूक्लिअर एनर्जी'. भावाने ग्रॅफाइटचं सांगितलं तेव्हा बाबा चमकले. त्यांच्या भट्टीतली मूस, धातू वितळवायचं भांडं, ग्रॅफाइटचीच असायची. "आपल्याच सामानातून?" एवढंच म्हणाले, मग बराच वेळ गप्प.

वर गुळगुळीत घुमट. लांबून बघा, अणुस्फोटाचा ढग. चार पावलं सरका, कवटी. आणि वाकून खाली बघितलं की खांब, कमानी, आत जाऊन उभं राहावंसं वाटेल अशी पोकळी. मूरच्या मनातही हेच होतं, वर विध्वंस आणि खाली माणसाला आसरा. बाबांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं. ते म्हणाले, "वर मसणवट, खाली मंडप." सातवी शिकलेला माणूस!

फर्मीचा हुबेहूब पुतळा असता तर हार घालून मोकळे झालो असतो. ढग, कवटी आणि मंडप एकाच अंगात कुठल्या पुतळ्याला दाखवता आलं असतं, सांगा ना!

मान्य, अमूर्त म्हणून खपवलेलं पुष्कळसं खरंच भंगार असतं. आणि ज्यांची माणसं जळाली त्यांना असल्या जागी शिल्प बघून राग आला तर तोही मान्य. पण याच शिल्पाचं लहान रूप हिरोशिमाच्या कलासंग्रहालयात आहे. त्यांनी ते ठेवून घेतलंय, काका. आणि आपण किलोचा भाव काढतोय.

जाऊ दे. काकांशी भांडायचं नाहीये मला. पण ओतकामावर ज्या घराची चूल पेटली, त्या घरच्या ग्रुपवर 'भंगार' हा शब्द वाचवत नाही.

दुपारी चहा देताना बाबांनी विचारलं, "शिकागोच्या त्या मूर्तीचा फोटो आलाय म्हणे?" मी नुसता फोटो मोठा करून दाखवला, खालचं काही नाही. त्यांनी चष्मा लावला आणि बोट नेमकं कमानीवर ठेवलं.

"इथे जोड असणार बघ. घासून घासून दिसेनासा केलाय."