हाय डेफिनिशनची हमाली माझ्या प्रोसेसरनं का करायची?

व्हिडिओच्या साइटवरचा १०८०पी चा, म्हणजे हाय डेफिनिशनचा, साधा व्हिडिओ. गेम नाही, एडिटिंग नाही, मागे दुसरं काहीही उघडलेलं नाही. एक ब्राउझर, एक टॅब. आणि टास्क मॅनेजरमध्ये (मशीनवर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) प्रोसेसर पंचाण्णव टक्के! पंखा असा बोंबलतो की बोलणाऱ्याचा आवाज ऐकायला हेडफोन लावावे लागतात. कीबोर्डच्या वरची पट्टी चटका देते. चार्जर काढला की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. आणि एवढं सगळं सोसून चित्र काय दिसतं, तर अडकत, उड्या मारत चाललेलं. रोज हेच. तळपायाची आग मस्तकात जाते, कारण या लॅपटॉपला असं तापायची काही गरजच नाही.

गरज नाही हे मी पुराव्यानिशी सांगते. याच लॅपटॉपवर १०८०पी चीच, पण एच.२६४ या जुन्या पद्धतीनं दाबलेली फाईल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये लावा. प्रोसेसर जेमतेम हलतो, पंखा शांत, चित्र लोण्यासारखं. मशीन तेच, स्क्रीन तोच, पिक्सेल तेवढेच. मग ब्राउझरमध्ये गेल्यावर असं काय होतं?

होतं ते असं. १०८०पी च्या एका फ्रेममध्ये, म्हणजे एका स्थिर चित्रात, २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला १२ कोटींच्या वर पिक्सेल तयार करायचे. व्हिडिओ येतो तो दाबून बारीक केलेला, आणि तो उलगडायचं काम अवाढव्य असतं. म्हणून चिप बनवणाऱ्यांनी ग्राफिक्सच्या भागात खास याच कामासाठी वेगळं सर्किट दिलेलं आहे. ते तेवढं एकच काम करतं, पण अगदी कमी विजेत करतं. अट एवढीच, की व्हिडिओ ज्या कोडेकमध्ये, म्हणजे दाबायच्या-उलगडायच्या ज्या पद्धतीत, बांधलाय तो त्या सर्किटला यायला हवा. येत नसेल तर सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर. टास्क मॅनेजरच्या जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) पानावर ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख असतो, तो बघा एकदा. माझ्याकडे प्रोसेसर धापा टाकत असतो तेव्हा तो आलेख शून्यावर आडवा पडलेला असतो. ज्याचं काम आहे तो बसून, आणि दुसराच मरतोय.

एच.२६४ हा कोडेक २००३ चा. तो उलगडणारं सर्किट दहा वर्षांहून जुन्या लॅपटॉपमध्येही सापडतं. २०१३ मध्ये व्हीपी९ आणि एच.२६५ आले, २०१८ मध्ये एव्ही१. प्रत्येक नव्या कोडेकचा हेतू एकच: त्याच दर्जाचं चित्र कमी डेटात बसवायचं. एच.२६५ तर एच.२६४ च्या निम्म्या डेटात काम भागवायचं हे उद्दिष्ट ठेवूनच बनवला गेला. पण जितकं जास्त दाबायचं तितकं उलगडणं अवघड, आणि सर्किटं मागून येतात. इंटेलमध्ये व्हीपी९ चं पूर्ण सर्किट सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१६ पासून. एव्ही१ चं अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून. त्याआधीचा लॅपटॉप असेल तर त्याच्या सर्किटला एव्ही१ ओ की ठो कळत नाही.

आणि तरी साइट माझ्या अशा जुन्या लॅपटॉपला एव्ही१ पाठवते! व्हिडिओवर राइट क्लिक करून तांत्रिक माहितीची चौकट उघडली की दिसतंच: एव्ही०१, नाहीतर व्हीपी०९, म्हणजे एव्ही१ आणि व्हीपी९ च्याच खुणा. खाली गळालेल्या फ्रेमचा आकडा चढत असतो. त्याच साइटकडे त्याच व्हिडिओची एच.२६४ प्रत पडलेली असते, माझ्या मशीनला सहज झेपणारी. ती देत नाहीत. का? कारण दर व्हिडिओमागे त्यांचा डेटा वाचतो. त्यांच्या सर्व्हरची बचत, आणि त्या बचतीची किंमत मोजायची माझ्या बॅटरीनं, माझ्या पंख्यानं, माझ्या विजेनं. डेटा वाचणं चांगलंच, ज्यांना मोजून मापून डेटा मिळतो त्यांना त्याचा खरा उपयोग आहे, ते मी नाकारत नाही. पण मग विचारा ना मला! मला डेटा वाचवायचाय की लॅपटॉप, हे मी ठरवेन. क्वालिटीच्या मेनूत १४४पी पासून सगळे आकडे मांडून ठेवलेत, तिथे कोडेक निवडायची एक ओळ घालायला काय धाड भरली आहे?

बरं, त्यांना कळायला मार्ग नाही असंही नाही. ब्राउझरमध्ये ‘मीडिया कॅपॅबिलिटीज’ नावाची सोय आहे. अमुक कोडेक, अमुक रिझोल्यूशन, अमुक फ्रेम रेट या मशीनवर चालेल का, सुरळीत चालेल का, आणि कमी विजेत चालेल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं साइटला तिथून मागता येतात. कमी विजेत! नेमका माझा प्रश्न. विचारायची सोय आहे, उत्तर मिळायची सोय आहे, आणि तरीही माझ्या पदरात नेमकं तेच पडतं जे मला झेपत नाही.

ब्राउझरचा प्रकार तर आणखी संतापजनक. सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’चं, म्हणजे काम खास सर्किटकडे सोपवायचं, बटण चालू. माणूस निश्चिंत होतो. पण ब्राउझर आतल्या आत ठरावीक ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) आणि ग्राफिक्स चिपांची काळी यादी बाळगतो, आणि तुमचा ड्रायव्हर त्यात असेल तर बटण चालू राहून काम मात्र सॉफ्टवेअरनंच होतं. कुठलीही सूचना नाही. ते कळायला अ‍ॅड्रेस बारमध्ये विशेष पत्ता टाकून जीपीयूचं आतलं पान उघडावं लागतं, आणि तिथल्या लांबलचक यादीत व्हिडिओ डिकोडसमोर काय लिहिलंय ते शोधावं लागतं. सामान्य माणसानं हे का करावं? आणि लॅपटॉपच्या कंपनीनं ड्रायव्हर देणं केव्हाच बंद केलेलं असतं, ते वेगळंच. विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांची तर कित्येक वर्षं याहून वाईट गत होती. फायरफॉक्समध्ये इंटेलच्या चिपांसाठी ही सोय लिनक्सवर आपोआप चालू झाली ती २०२३ मध्ये.

आता सल्ले. कुणाला हा त्रास सांगा, उत्तरं ठरलेली. कॅशे साफ कर. अँटिव्हायरस चालव. रॅम वाढव. नेटचा स्पीड तपास. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! अहो, नेट कमी पडलं तर चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात आणि गोल चक्र फिरत बसतं. इथे आवाज व्यवस्थित चालू असतो, चित्रच मागे राहून उड्या मारतं. हा फरक पाच सेकंदांत दिसतो, पण बघायला कुणी तयार नाही. आणि रॅम दुप्पट केली तरी उलगडायचं सर्किट काही उगवत नाही.

सगळ्यात राग येतो तो ‘४८०पी वर बघ की’ या सल्ल्याचा. मी प्रोग्रामिंगचे व्हिडिओ बघते. स्क्रीनवर कोड असतो, बारीक अक्षरात. ४८०पी वर स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांतला फरक कळत नाही, शून्य आणि ओ एकच दिसतात. त्या व्हिडिओचा उपयोगच संपला. शिवाय कोड दाखवणाऱ्या, जवळजवळ हलत नसलेल्या चित्राला सेकंदाला ६० फ्रेम कशाला हव्यात? पण चढवणाऱ्यानं ६० चा चढवला की हाय डेफिनिशनमध्ये ६०च मिळणार. १०८०पी आणि ३० फ्रेम असा पर्याय ठेवलेलाच नाही. अर्धं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं!

शेवटी इलाज आमच्यासारख्याच कुणीतरी फुकट लिहिलेल्या एक्स्टेंशनमधून मिळतो. ‘एच२६४इफाय’ नावाचं आहे. ते साइटला सांगतं की या ब्राउझरला व्हीपी९ आणि एव्ही१ येतच नाहीत, मग साइट मुकाट्यानं एच.२६४ पाठवते. लावलं की प्रोसेसर खाली येतो, पंखा थांबतो. म्हणजे ती प्रत होती! पहिल्यापासून होती! मला ती मिळवायला माझ्याच ब्राउझरकडून खोटं बोलून घ्यावं लागलं. आणि ज्याला हे एक्स्टेंशन माहीत नाही तो आपला लॅपटॉप बिघडला समजून दुरुस्तीला नेतो, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी थर्मल पेस्ट बदलतो, पैसे घालवतो. त्याचं काय?

‘नवा घे’ म्हणणाऱ्यांना एकच सांगते. नव्या लॅपटॉपमध्ये सर्किट असूनही ते मिळेल याची खात्री नाही. एच.२६५ च्या पेटंटची लायसन्स फी भरायला नको म्हणून काही कंपन्यांनी आपल्या काही मॉडेलांमध्ये चिपमध्ये असलेली ती सोय चक्क बंद करून लॅपटॉप विकले आहेत. आणि एव्ही१ चं सर्किट असलेला घेतलात, तरी एच.२६६ चं मानक २०२० मध्येच ठरलेलं आहे आणि एव्ही२ उंबरठ्यावर आहे. साइटवाले उद्या त्याकडे वळले की आज चकचकीत दिसणारा तुमचा लॅपटॉपही असाच तापेल, आणि तेव्हाही तुम्हाला कुणी विचारणार नाही.