समुद्रात सोडले म्हणजे शुद्ध झाले, असे नव्हे

किनाऱ्यावरच्या शहरात सांडपाण्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतेच, "एवढा समुद्र पडला आहे, नळ आणखी आत न्या म्हणजे झाले." हा युक्तिवाद अगदीच अडाणी नाही. तळाशी अनेक छिद्रांतून सोडलेले सांडपाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर चढते आणि चढता चढता कितीतरी पटींनी विरळ होते. पण विरळ होणे म्हणजे शुद्ध होणे नव्हे. कॅनडातील व्हिक्टोरिया शहर 'आमच्याकडे प्रवाह जोरदार आहेत' या भरवशावर केवळ जाळीतून गाळलेले मैलापाणी वर्षानुवर्षे सामुद्रधुनीत सोडत होते. शेवटी २०२० मध्ये तिथेही प्रक्रिया केंद्र सुरू करावेच लागले. बोस्टनने सांडपाणी समुद्रात दूर सोडणारा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा बोगदा २००० मध्ये वापरात आणला खरा, पण त्याच्या जोडीला जैविक प्रक्रियाही, म्हणजे सूक्ष्मजीवांकडून घाण खाववण्याची सोयही, उभी केली. आपल्या चर्चेत बोगदा तेवढा लक्षात राहतो.

माझे मत असे की लांब नळाआधी जुन्या गटारांकडे पाहिले पाहिजे. किनाऱ्यालगतच्या गटारांचे सांधे गळके असतात आणि भरतीला त्यांतून समुद्र आत शिरतो. पंप तेच पाणी उपसतात, म्हणजे समुद्राचे पाणी समुद्रात परत पाठवण्यासाठी वीज जळते. शिवाय समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. गटारातील प्राणवायूविरहित थरात जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात आणि नळाच्या ओलसर छतावर त्याचेच गंधकाम्ल होऊन काँक्रीट वरून पोखरले जाते. नळ खचतो तो असा, आतून आणि गुपचूप.

एका प्रक्रिया केंद्रात मी वायुवीजन टाकीतील, म्हणजे या सूक्ष्मजीवांना हवा पुरवणाऱ्या टाकीतील, पाणी एक लिटरच्या काचपात्रात ३० मिनिटे ठेवलेले पाहिले आहे. तपकिरी गाळ हळूहळू खाली बसला, वर निवळ पाणी राहिले आणि वास चक्क ओल्या मातीचा होता. उधाणाच्या दिवशी मात्र हेच पात्र गढूळ राहते, असे तिथल्या ऑपरेटरने सांगितले. यात नवल नाही. ठरावीक खारटपणा सूक्ष्मजीव अंगवळणी पाडून घेतात, पण तो अचानक वाढला की त्यांचे पुंजके विस्कटतात आणि गाळ पाण्याबरोबर वाहून जातो. अशा वेळी दोष केंद्राला लागतो, गळक्या सांध्यांचे नावही निघत नाही.

म्हणून नव्या केंद्राची क्षमता ठरवण्याआधी महापालिकेने प्रत्येक पंपिंग स्टेशनवर भरतीला आणि ओहोटीला येणाऱ्या मैलापाण्यातील क्लोराइड, म्हणजे आत शिरलेल्या समुद्राच्या मिठाची खूण, मोजून ते आकडे जाहीर करावेत, एवढीच माझी मागणी आहे. चाचणी साधी आहे, कोणत्याही केंद्राच्या प्रयोगशाळेत होते. जिथे दोन आकड्यांत मोठी तफावत दिसेल, तिथून खोदायला सुरुवात करता येईल.