उरलेल्या पाच जणांचे भले कसे करावे

सहा जणांच्या ऑनलाइन पोकर टेबलावर तुम्ही बसता तेव्हा समोर पाच जीव मोठ्या आशेने बसलेले असतात. प्रत्येकाने 10 डॉलर भरलेत, वर साइटचे शुल्क वेगळे. चिपा संपल्या की बाहेर. पहिल्याला 39, दुसऱ्याला 21, बाकीच्यांना राम राम. त्या पाचांना निराश न करण्याचे एक शास्त्र आहे आणि त्याला फार अभ्यास लागत नाही. रमीचा अनुभव आणि थोडा स्वाभिमान पुरतो. (भारतात पैशांचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंद आहेत, कौशल्याचे असोत की नशिबाचे. तेव्हा हा मजकूर न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहणाऱ्या भाच्याला पाठवा. तिथे हा खेळ 2013 पासून कायदेशीर आहे. इथल्यांनी फुकटच्या चिपांवर हात बसवावा.)

सर्वात आधी संयम. कॅसिनोतले टेबल सहसा आठ-नऊ जणांचे असते, तिथे वाट बघणारा टिकतो. तीच सवय इथे जशीच्या तशी आणा. हातातल्या दोन पानांत एक्क्यांची, राजांची किंवा राणीची जोडी नाहीतर एक्का-राजा, याखाली काही खेळायचेच नाही असे ठरवून टाका. अशी पाने साधारण 39 हातांत (म्हणजे डावांत) एकदा येतात. नुसती एक्क्यांची जोडी 221 हातांत एकदा. आता ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पाळीपाळीने पाने बघण्याआधीच भरायच्या सक्तीच्या चिपा, 100-200 आहेत (लहान तो स्मॉल, मोठा तो बिग; भरणाऱ्यालाही तेच नाव) आणि तुमच्याकडे 3000 चिपा आहेत असे धरा. टेबलाच्या एका फेरीला 300 जातात, म्हणजे दहा फेऱ्या. नऊ जणांत दहा फेऱ्या म्हणजे 90 हात, सहा जणांत 60. त्यात ब्लाइंड दर पाच मिनिटांनी वाढत असतील तर 60 हे स्वप्नच. शेवटी एक्के येतील तेव्हा तुमच्याकडे दोन बिग ब्लाइंडपुरत्या चिपा उरलेल्या असतील आणि टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक असेल की या गृहस्थाने अर्ध्या तासात पहिल्यांदा रेझ केले आहे, म्हणजे बोली वाढवली आहे. सगळे फोल्ड करतील, म्हणजे पाने टाकून देतील. एक्के मात्र स्क्रीनवर छान दिसतात.

संयम जमत नसेल तर उलटे करा: एक्का दिसला की खेळा. सगळ्यांत पहिल्यांदा बोलायची जागा असावी, हातात वेगवेगळ्या रंगांची एक्का-चौकी असावी. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, एक्का आला की मन भरून येते. पुढे जो तुमच्या तिन्ही बेट कॉल करतो, म्हणजे तेवढ्याच चिपा भरतो, त्याच्याकडेही एक्का असतो, फक्त शेजारचे पान चौकीपेक्षा मोठे असते. बाकीचे तर केव्हाच फोल्ड झालेले असतात.

बटणावर, म्हणजे ब्लाइंडांच्या अगदी आधीच्या, पाने वाटणाऱ्याच्या जागी असाल तर गप्प बसा. मागे फक्त दोघे उरलेले असतात, फ्लॉपनंतर शेवटचा शब्द तुमचा असतो, म्हणून जाणकार इथून चाळीसएक टक्के हातांवर बिग ब्लाइंडच्या दुप्पट-सव्वादोनपट रेझ करतात. याला ब्लाइंड चोरणे म्हणतात. घरचे संस्कार आठवा आणि फोल्ड करा.

दुसऱ्याने चोरी केली तर मात्र दरवाजा उघडा ठेवा. बटणावरून 400 चे रेझ आले, स्मॉल ब्लाइंड फोल्ड झाला, पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 700 आहेत आणि बिग ब्लाइंडला फक्त 200 भरायचे आहेत. म्हणजे शंभरात 22 वेळा जिंकलात तरी बरोबरी. फ्लॉपनंतर आधी बोलावे लागते म्हणून थोडी सूट धरा, तरीही एकाच रंगाची नश्शी-सत्ती इथे आनंदाने कॉल होते. तुम्ही "काय ही पाने" म्हणून टाकून द्या. समोरचा पुढच्या फेरीत पुन्हा येईल, तेव्हाही टाका.

ब्लफसाठी माणूस निवडताना काळजी घ्या. दोन वेगवेगळी पाने घेऊन बसलेल्याला फ्लॉपवर तीनांतून दोन वेळा काहीच लागत नाही, आणि पॉटच्या एक-तृतीयांश बेटला शंभरात 25 वेळा फोल्ड मिळाला तरी ती वसूल होते. हे गणित फोल्ड करणाऱ्यांवर वाया घालवू नका. ज्याने आजवर बदामाची दुर्रीसुद्धा खाली ठेवलेली नाही अशा माणसाला गाठा आणि रिव्हरपर्यंत, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पानापर्यंत, धमकावत राहा.

आणि आता बबल. तिघे उरलेत, बक्षिसे दोनच. इथे तुमच्या दातृत्वाची खरी किंमत होते.

समजा तिघांकडेही 3000 आहेत. बटण फोल्ड, स्मॉल ब्लाइंडवाला ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिपा पुढे. तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये, हातात पंजीची जोडी. मनात लगेच हिशेब करा: 2800 भरायचे, 6000 मिळायचे, म्हणजे 47 टक्के पुरेत, जोडी तर जोडीच, कॉल! हा हिशेब चिपांचा झाला. डॉलरचा हिशेब अजिबात करू नका, कारण तो असा निघतो: फोल्ड केलेत तर बक्षीस मिळण्याच्या शक्यतांवरून उरलेल्या 2800 चिपांची किंमत साधारण 19 डॉलर. कॉल करून जिंकलात तर 33. हरलात तर शून्य. 19 भागिले 33, म्हणजे 58 टक्के लागतात. चिपा दुप्पट झाल्या तरी डॉलर दुप्पट होत नाहीत, कारण पहिला आला तरी त्याला सगळे 60 मिळत नाहीत. समोर दोन मोठी पाने असतील तर तुमची पंजी शंभरात साधारण 50 ते 55 वेळा टिकते. मोठी जोडी असेल तर वीसएक वेळा. एखादे पान पंजीहून लहान असेल तरच सत्तरीच्या आसपास जाते, आणि तुम्ही नेमके तेच गृहीत धरायचे. तुमच्या कॉलचा सर्वात मोठा फायदा कुणाला? त्या बटणवाल्याला. त्याने काहीही न करता 21 डॉलर पक्के केले. हल्ली असा परोपकार कोण करतो?

तिसऱ्याकडे दोनच बिग ब्लाइंडपुरत्या चिपा उरल्या असतील तर आणखी घाई करा. तो पुढच्या काही हातांत आपोआप जाणार असतो; त्याच्या आधी जाण्यात तुमचा मान आहे.

उलट तुम्ही स्मॉल ब्लाइंडमध्ये असाल तर ऑल-इनची ती धमकी स्वतः कधी देऊ नका. 58 टक्क्यांचे ओझे तेव्हा समोरच्यावर पडते, तो चांगले हातही टाकतो. नुसते 100 भरून लिंप करा, त्याला ऑल-इन जाऊ द्या, मग फोल्ड करा.

आठ टेबले एकदम उघडा, हे वेगळे सांगायला नको. पंधरा सेकंदांत आठ ठिकाणी विचार होत नाही, पण बोटे चालतात.

इतके करूनही शेवटच्या दोघांत पोहोचलातच तर घाबरू नका. दोघांत बटणावरचा स्मॉल ब्लाइंड भरतो. फ्लॉपआधी तो आधी बोलतो, नंतर प्रत्येक वेळी शेवटी. म्हणून तिथून मोकळ्या हाताने बहुतेक पाने खेळतात. तुम्ही सहा जण बसलेत असे समजून चालू ठेवा आणि राजा-छक्की, राणी-सत्ती बिनदिक्कत टाकत जा. 4500 चिपा घेऊन 100-200 ला सगळेच फोल्ड केले तर 30 हात पुरतात, 200-400 ला 15, आणि समोरच्याला एकही पान न दाखवता 39 डॉलर मिळतात.