अबॉर्शननंतर तिला रडू आलंच पाहिजे का?

आमच्या राजापूर-कणकवली साइडला बाईला पोट पाडायचं असलं की ती इथल्या डॉक्टरकडे जात नाही, घाट चढून कोल्हापूर गाठते, कारण इथे एसटी स्टँडवर कोण ना कोण ओळखीचं भेटतंच आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. दुसऱ्या दिवशी ब्लीडिंग चालू असताना काजू फॅक्टरीत कामावर, सुट्टी मागितली तर कारण सांगावं लागणार ना.

आणि वर लोक म्हणणार, अशी बाई जन्मभर झुरते, डोक्यावर परिणाम होतो. हे तपासलंय हो! अमेरिकेत कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डायना ग्रीन फॉस्टर आणि त्यांच्या टीमने जवळपास १००० बायकांना पाच वर्षं परत परत विचारलं, अबॉर्शन झालेल्या आणि दिवस जास्त गेले म्हणून परत पाठवलेल्या, दोघींना. सुरुवातीला जास्त ॲन्झायटी होती ती परत पाठवलेल्यांना. ज्यांचं झालं त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त जणी नंतरही म्हणाल्या, निर्णय बरोबरच होता.

म्हणजे वाईट वाटतच नाही असं अजिबात नाही. माझ्या ओळखीतली एक ताई, दोन मुलं, नवरा मुंबईला, मला म्हणाली, "त्या रात्री मला शांत झोप लागली गं, आणि सकाळी त्याचंच वाईट वाटायला लागलं, मी कसली आई?" पुढे शिमग्यात धाकट्याला ताप आला तर हिच्या मनात पहिलं तेच, दोष लागला. कोणाला सांगणार? सुटल्यासारखं वाटलं हे बोलायची पण चोरी!

ज्यांना खरंच जास्त त्रास होतो त्या कोण, तर आधीपासून डिप्रेशन असलेल्या, घरच्यांनी जबरदस्ती केलेल्या, मारहाण सोसणाऱ्या, नाहीतर हवं असलेलं मूल सोनोग्राफीत दोष निघाला म्हणून सोडावं लागलेल्या. त्यांना आधार हवाच, "विसर आता" म्हणून भागत नाही.

अजून एक, १९७१ च्या गर्भपात कायद्याने सज्ञान बाईची एकटीची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही, नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फेल गेलं हे कारण लग्न न झालेल्या मुलीलाही चालतं. तरी "मिस्टरांना घेऊन या" म्हणणारे भेटतातच, मला याचा फार राग येतो.

कोणाला रात्र रात्र झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात.