लिनक्सवर स्कॅन मारलं की पेड चॅनल फुकट? नाही हो!

आमच्या कोथरूडच्या सोसायटी ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की जुन्या पीसीवर लिनक्स (विंडोजसारखीच फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाका, पाचसातशेचा टीव्ही डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा टीव्ही रिसीव्हर) लावा, डब्ल्यू-स्कॅन (चॅनल शोधणारा प्रोग्राम) चालवा आणि सगळे पेड चॅनल फुकट बघा. काल एक काका खरंच डोंगल मागवायला निघाले होते म्हणून लिहितोय.

स्कॅन म्हणजे कुलूप तोडणं नव्हे. तो फक्त सिग्नलसोबत येणारी चॅनलची यादी वाचतो, त्यामुळे पेड चॅनलचं नाव यादीत दिसतं, क्लिक केलं की काळा पडदा. स्कॅनने बनवलेली व्हीडीआर (लिनक्सवरचा टीव्ही प्रोग्राम) फॉरमॅटची यादी उघडून बघा, सीएच्या (कंडिशनल ॲक्सेस, म्हणजे कुलपाच्या) रकान्यात शून्य असेल तर चॅनल खुला, दुसरा आकडा असेल तर एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद, तो स्कॅनने उघडत नाही.

आणि तो स्वस्तातला आरटीएल२८३२यू चिपवाला डोंगल डीव्हीबी-टीचा, म्हणजे जमिनीवरच्या टॉवरचा सिग्नल पकडणारा असतो, छतावरच्या छत्रीचा सिग्नल त्याला कळतच नाही, छत्रीसाठी डीव्हीबी-एस२ (सॅटेलाइट टीव्हीचं) कार्ड किंवा यूएसबी बॉक्स लागतो, तोही लिनक्समध्ये ड्रायव्हर आहे का ते बघूनच घ्या.

मेसेजमध्ये खरं एवढंच की प्रसार भारतीचं डीडी फ्री डिश (छत्रीवरून मिळणारी फुकट चॅनल सेवा) असं बघता येतं, सह्याद्रीसकट, महिन्याचं भाडं नाही. छत्री जीसॅट-१५ या उपग्रहाकडे वळवायची, म्हणजे ९३.५ अंश पूर्व. पुण्यातून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर. मग टीव्हीहेडएंड या लिनक्सवरच्या टीव्ही प्रोग्राममध्ये नको ते चॅनल काढून टाका, आमच्याकडे सह्याद्री १ नंबरला आहे, आईची ऑर्डर!